पेटी गुरुवारी त्यांच्याकडे जाते

रविवार, १२ जून १९९४

नॉर्मंड घर सोडून गेलाय. गेल्या महिन्यातच गेला! आणि मला आज कळतंय. मला, जनीनच्या सख्ख्या मोठ्या बहिणीला!

चर्चमधून आल्यावर जनीननं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. बाबांच्या तळ्यावरच्या केबिनमध्ये राहतोय म्हणे. भांडण नाही, दुसरी बाई नाही, दारू नाही. "तो म्हणाला, तुझ्याकडे अख्ख्या गावासाठी वेळ आहे, जनीन. मला बुधवारी अर्धा तास मिळतो." एकोणतीस वर्षांचा संसार आणि ही तक्रार! मी म्हटलं, मग सोड ना ती निवडणूक. तर म्हणते, "सोडून काय करू, क्लो? रिकाम्या घरात भिंतींकडे बघत बसू?"

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

१३ सप्टेंबरला पक्षातली निवडणूक, उमेदवार ठरवायची. ती जिंकली की जनीन राज्याच्या सिनेटमध्ये गेल्यातच जमा. नोव्हेंबरात समोरच्या पक्षाला आमच्या भागात कुत्रंही विचारत नाही. तोपर्यंत ही गोष्ट दाबून ठेवायची. नॉर्मंडही कबूल झालाय. जनीननं माझे दोन्ही हात धरले. "तू, मी, नॉर्मंड. आणि लिनेट. तिला सांगावंच लागलं, प्रचार ती चालवते."

लिनेटला! पेनसिल्व्हेनियाहून भाड्यानं आणलेली बाई, तीन आठवड्यांची ओळख. तिला माझ्याआधी कळलं.

मी कुणाला सांगणार नाही. वहीत लिहिलेलं सांगण्यात मोडत नाही.

शनिवार, १८ जून

कचेरी थाटली. मेन स्ट्रीटवरचं ते बंद पडलेलं बुटांचं दुकान. आत अजून चामड्याचा वास आहे आणि भिंतीला खाली गुडघ्यापर्यंतचे आरसे. टेबलाशी बसलं की येणाऱ्या-जाणाऱ्याचे फक्त पाय दिसतात. लिनेट डॉब्सनबाईंच्या पायात पुरुषी बूट. दिवसभर कागदी पेल्यातला बर्फ कडाकडा चावते. माझ्या दाढेतून कळ जाते.

आज तिनं आम्हा बाराजणींना बसवून शिकवलं. प्रत्येक मतदाराला एक ते पाच आकडा द्यायचा. एक म्हणजे पक्का आपला. पाच म्हणजे आपण बुडत असलो तरी हात देणार नाही असा. "तीन आकडेवाल्यांच्या दारात पायताण झिजवा. मतदानाच्या दिवशी फक्त एक आकडेवाले. ते सगळे घराबाहेर पडले तर आपण जिंकलो. बाकी झेंडे, फुगे, भाषणं — करमणूक."

मी म्हटलं, "या गावात एकतीस वर्षं वाचनालय चालवलंय मी. कोण कुणाचा आहे ते मला आकड्याशिवाय माहीत आहे."

"उत्तम, मिस बुशार," ती म्हणाली, "मग तेच आकड्यात लिहा."

बायका हसल्या. मी लक्षात ठेवलंय.

रविवार, १९ जून

दिवसभर कार्डं. पक्षाच्या गावसमितीची ती लाकडी पेटी माझ्याच ताब्यात असते, अकरा वर्षं झाली. मतदारांचं घरटी एक कार्ड, गल्लीवार लावलेली, चारशे बारा. पक्षातल्या निवडणुकीत पेटी दोन्ही बाजूंची — सोमवार ते बुधवार आमच्याकडे, गुरुवारी सकाळी जनीनचा प्रतिस्पर्धी वेंडेल प्रॅट, त्याच्या माणसांकडे, शनिवारी परत. कोण एक, कोण पाच ते ज्यानं त्यानं आपापल्या वहीत लिहायचं. पेटीतल्या कार्डावर फक्त नाव, पत्ता, फोन. आणि जो कुणी कार्ड हातात घेईल त्यानं मागच्या बाजूला आद्याक्षरं नि तारीख घालायची. हा नियम माझा. वाचनालयातली सवय.

समितीनं पाठवलेली पत्रकं पोस्टानं परत केली होती, साठ-पासष्ट तरी. पत्ता बदललेल्यांच्या पाकिटावर पोस्ट नवा पत्ता छापलेली पिवळी पट्टी लावतं. ती बघायची, जुन्या कार्डावर दुरुस्ती करायची, पुढचं पाकीट. रेडिओवर रेड सॉक्सचा बेसबॉलचा सामना. नवव्या डावात हातातला घालवला, गाढवांनी! संध्याकाळपर्यंत मेलेल्यांना काढलं, गेलेल्यांना हलवलं. आता पेटीतलं एकही कार्ड खोटं बोलणार नाही. पाठ मोडून आली पण जीवाला बरं वाटलं.

सोमवार, ४ जुलै

मिरवणूक. नॉर्मंड आला! इस्त्रीचा शर्ट घालून, उघड्या मोटारीत जनीनच्या शेजारी. हात हलवत होता, पोरांना गोळ्या फेकत होता. जनीननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो जरा अवघडल्यासारखा झाला, मग हसला. मला रडूच आलं. थेल्मा कोल्बी शेजारी उभी होती — चर्चच्या गायनवृंदात तीस वर्षं माझ्या डाव्या हाताला उभी असते, आणि आता प्रॅटच्या प्रचाराची आमच्या गावची प्रमुख! म्हणाली, "डोळ्यात काही गेलं का गं?"

"धूळ," मी म्हटलं.

मागून प्रॅटची गाडी. तो, बायको, चार मुलं, दोन सुना आणि घोड्याएवढा कुत्रा. एवढं खटलं बसवायला ट्रक आणावा लागला होता.

मिरवणूक संपल्यावर नॉर्मंड शाळेमागे गाडी लावून एकटाच तळ्याकडे गेला. लिनेट वाटेवर उभी राहून बघत होती कुणी पाहतंय का. सफाईनं केलं सगळं. जरा जास्तच सफाईनं.

शनिवार, ३० जुलै

थेल्मानं पेटी परत आणली. बर्च स्ट्रीटची कार्डं मिल स्ट्रीटमध्ये खुपसलेली! मी बोलले तेव्हा म्हणते, "अगं, कार्डं आहेत, बायबल नाही." पण काकडीच्या लोणच्याची बाटली ठेवून गेली. आणि मला बघून इतकी गोड हसली की लोणचं उघडायचा धीर होईना.

मंगळवार, १६ ऑगस्ट

फुटलं.

प्रॅटचं पत्रक घरोघर पडलंय. जाड चकचकीत कागद. सगळं कुटुंब पायऱ्यांवर, कुत्र्यासकट. खाली मोठ्या अक्षरात — "प्रॅट कुटुंब. सगळे एकाच छपराखाली." आणि मागं बारीक अक्षरात, "ज्याला आपलं घर सांभाळता येतं, तोच तुमचं सांभाळेल."

सहा आठवड्यांपूर्वीच्या पत्रकात याचं फक्त रस्ते आणि शाळाकर होतं. एकाएकी छप्पर कुठून आठवलं?

जनीननं वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं. चेहरा पांढराफटक. म्हणाली, "त्यांना माहीत आहे." मग मला कोपऱ्यात ओढून, अगदी हळू: "ज्यानं कुणी हे बाहेर सांगितलंय ना क्लो, त्याचं तोंड मी जन्मात बघणार नाही. निवडणूक गेली खड्ड्यात. मी विश्वासानं सांगितलं होतं."

मी शब्द दिला. मी शोधून काढणार.

बुधवार, १७ ऑगस्ट

चारजणांना माहीत होतं. जनीन स्वतः सांगणार नाही. मी नाही. उरले दोघं. नॉर्मंड, किंवा ती बर्फ चावणारी.

की केस कापणारी पॉलीन? जनीन तिथं अर्धा तास डोळे मिटून बसते, काही बोलली असेल तर? की फादर? छे, फादरवर संशय म्हणजे पाप. पण फादरची स्वयंपाकीण प्रॅटच्या मावशीची सून आहे! नाही नाही. उगाच वेड लागायचं. दोघांवरच लक्ष ठेवायचं.

शनिवार, २० ऑगस्ट

तळ्यावर जाऊन आले. न सांगता गेले, मुद्दाम.

नॉर्मंड पायरीवर बसून मासे साफ करत होता. दाढी वाढलीय, पँटला दोरी. शाळेत सुतारकाम शिकवणारा माणूस, आणि स्वतःच्या दाराची कडी लटकतेय! आतल्या टेबलावर एकच कप, एकच ताटली. मी लगेच विचारलं, "कुणाला बोललास?"

"कुणाला बोलू? माशांना?"

"नॉर्मंड, थट्टा नको. तिचं वाटोळं होतंय."

त्यानं सुरी ठेवली. "क्लॉडेट, मला ती निवडणूक नकोय हे खरं. पण ती हरलेली मला बघवणार नाही. तेवढं तरी ओळखतेस ना मला?" मग पुन्हा सुरी उचलून, "तुला एक मासा बांधून देऊ का?"

खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना तो कान खाजवतो, हात तर खवल्यांनी भरलेले होते. मात्र पायरीवर पत्रांचा गठ्ठा पडला होता — विजेचं बिल, मासिक, सगळ्यावर पोस्टाच्या पिवळ्या पट्ट्या. म्हणजे ह्या शहाण्यानं पोस्टात पत्ता बदलून घेतलाय! मी म्हटलं, अरे मूर्खा, पोस्टमास्तरला कळलं की! तर म्हणे, "मग काय रोज तिच्या दारात पत्रं मागायला जाऊ?"

पोस्टमास्तर! येताना सबंध रस्ताभर तोच डोक्यात. पण हा पोस्टमास्तर गेल्या मार्चपासून बहिरा आणि त्याच्या आधीपासून घुमा. स्वतःच्या बायकोशी बोलत नाही, प्रॅटशी काय बोलणार.

मासा आणला. चांगला होता.

मंगळवार, २३ ऑगस्ट

पकडली!

सकाळी डोनटच्या दुकानात, मागच्या बाकावर, लिनेट आणि थेल्मा कोल्बी! समोरासमोर, डोक्याला डोकं लावून. लिनेटची पाठ माझ्याकडे होती. थेल्मा काहीतरी कागदावर लिहून घेत होती. मी कॉफी न घेताच परत फिरले.

दुपारी सहज म्हणून विचारलं, "सकाळी कुठं होतात?" म्हणे, "गुरुवारच्या सभेच्या अटी ठरवायला. कोण आधी बोलणार, प्रश्न कसे घ्यायचे." उत्तर तयारच! तयार उत्तर कुणाकडे असतं?

गुरुवार, २५ ऑगस्ट

शेतकरी मंडळाच्या ग्रेंज हॉलमध्ये सभा. दीडशे माणसं, पंखे तीन. प्रॅट पाऊण तास रस्त्यांवर बोलला. जनीन त्याच्या दसपट चांगली बोलली, उगाच बहीण म्हणून म्हणत नाही.

मग प्रश्न. मागून कुणीतरी उठला, प्रॅटचा तेलाचा टँकर चालवणारा, आणि दात काढत म्हणाला, "मोरिनबाई, तुमच्याकडे रात्री जेवायला किती प्लेटा मांडता हो?"

लिनेट भिंतीशी उभी होती, तिनं मान हलवली — नको, उत्तर देऊ नको. जनीननं पाण्याचा घोट घेतला.

"एक," ती म्हणाली. "मे महिन्यापासून एक. आणि ती रोज मीच घासते. आणखी काही?"

टाळ्या पडल्या, पण अर्ध्याच. बाकीच्या अर्ध्यांनी एकमेकांकडे बघितलं. सभा संपल्यावर थेल्मा माझ्याजवळ आली, "क्लॉडेट, मला वाईट वाटलं गं, हे असं विचारायला नको होतं." मी तिच्याकडे पाठ फिरवली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवार, २६ ऑगस्ट

लिनेटचा हिशेब: गावात एकशे नव्वद एक आकडेवाले होते, आता एकशे एकसष्ट. "अजून जिंकू शकतो," म्हणते. "खोटं बोलली नाही म्हणून तीनवाल्यांतले काही येताहेत. मात्र पक्के आहेत त्यांतला एकही घरी बसता कामा नये."

हिला काळजी आहे की नाटक आहे?

बुधवार, ३१ ऑगस्ट

जनीननं आज बर्च स्ट्रीटची कार्डं मागून घेतली. तिची स्वतःची गल्ली. उमेदवारानं आपली गल्ली सगळ्यात शेवटी आणि एकट्यानं करायची, ही इथली रीत. बाबा निवडणुकीला उभे होते तेव्हा त्यांनीही तसंच केलं होतं.

संध्याकाळी परत आली. मी नेहमीसारखी ओरडले, "मागं आद्याक्षरं घातलीस ना?" तिनं कार्डं रबर लावून पेटीत ठेवली, आणि मग टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या कपाळावर ओठ टेकले. लहानपणी ताप आला की आई बघायची तसे.

"काय झालं गं?"

"काही नाही. पाय दुखतात."

गल्लीतले लोक काहीतरी लागट बोलले असणार. मिसेस ट्रूडोच असणार, तिची जीभ लांबच आहे. हे सगळं कुणामुळे? त्या बुटवालीमुळे. आज रात्रभर मला झोप येणार नाही.

शुक्रवार, २ सप्टेंबर

बोलले. सगळं बोलले. डोनटचं दुकान, थेल्मा, कागदावर लिहून घेणं, तयार उत्तरं. जनीन खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मधेच म्हणाली, "क्लो, सोडून दे ना. कळलं गावाला, झालं ते झालं. कुणी का सांगेना."

सोडून दे! जी बाई पंधरा दिवसांपूर्वी म्हणत होती की तोंड बघणार नाही, ती म्हणते सोडून दे! मी म्हटलं, मी सोडणार नाही. मी थेल्माला चर्चच्या पायरीवर अडवून विचारणार, की तुला कुणी सांगितलं ते शपथेवर सांग. सगळ्यांदेखत.

जनीन झटकन वळली. "थेल्माला विचारायचं नाही!"

"का?"

"नाही म्हणजे नाही."

मग मी म्हणून टाकलं. "मग लिनेट तरी राहील, नाहीतर मी तरी. ठरव."

ती खुर्चीत टेकली. मला वाटलं रागावली. पण राग नव्हता तो. दमलेली दिसत होती, फार दमलेली.

"उद्या सांगते," म्हणाली.

शनिवार, ३ सप्टेंबर

लिनेट गेली.

जनीननं तिला मागच्या खोलीत बोलावलं, दहा मिनिटं. मी पुढं बसले होते, आरशात दोघींचे पाय दिसत होते. लिनेटचे बूट अजिबात हलले नाहीत. जनीनची टाच मात्र सारखी उचलत होती. बाहेर आल्यावर लिनेटनं पेल्यातला उरलेला बर्फ कुंडीत ओतला. माझ्यासमोर आली. मला वाटलं आता तमाशा करणार.

एक जाड पाकीट टेबलावर ठेवलं. "मतदानाच्या दिवसाच्या गाड्या. कोण ड्रायव्हर, कुठल्या दारात, किती वाजता. मी नसले तरी हे चालेल. फक्त जसंच्या तसं करा, मिस बुशार." मग दारातून, "तुमची बहीण चांगली आहे. नशीबवान आहात." हे कशाला म्हणाली कोण जाणे. टोमणाच असणार.

ती गेल्यावर जनीन म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं? आता ह्यावर पुन्हा बोलायचं नाही. तू नाही, मी नाही. थेल्माला विचारायचं नाही. शब्द दे."

दिला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. डोकं दुखतंय.

रविवार, ४ सप्टेंबर

पाकीट खणात टाकलं, उघडलं नाही. मला काय दूधखुळी समजते? हाकलून दिलेली बाई यादी देऊन जाते — जसंच्या तसं करा म्हणते! त्यात कुठल्या गाड्या कुठं पाठवल्यात ते प्रॅटलाच माहीत. मी माझी यादी करणार. गाव मला पाठ आहे.

मंगळवार, १३ सप्टेंबर

पाच मिनिटं मिळालीत म्हणून लिहितेय. शाळेतून कोण मतदान करून गेलं त्याच्या याद्या येताहेत, फोन वाजताहेत, कुणाला काही कळत नाहीये. वृद्धाश्रमात तीन गाड्या एकाच वेळी पोचल्या! तीन! म्हातारे खूश, एकेकानं एकेक गाडी घेतली. मिल स्ट्रीटच्या चाळीत कोण गेलंय विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. तिथं सत्तेचाळीस एक आकडेवाले आहेत. मी म्हटलं होतं ड्रायव्हर रेमंड जाईल, रेमंड म्हणतो त्याला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं होतं! की नव्हतं? जाते.

बुधवार, १४ सप्टेंबर

अडतीस मतांनी गेली.

अडतीस.

रविवार, १८ सप्टेंबर

जनीन जेवायला आली. सॅमन माशाचं सारण भरलेला 'पाय' केला होता, तिच्या आवडीचा. दोनदा घेतला. नॉर्मंडचा फोन आला होता म्हणाली, बुधवारी येणार आहे, तिच्या घरच्या दाराची कडी बसवायला. "माझ्याकडे आता पुष्कळ बुधवार आहेत," म्हणाली आणि चक्क हसली.

मी रडायला लागले. मिल स्ट्रीटचं सांगितलं. चाळीतून फक्त सहाजण आले होते. फक्त तिथले आले असते तरी! तिनं माझा हात थोपटला. "होतं गं, क्लो. चुका सगळ्यांच्या हातून होतात. तू मुद्दाम नाही केलंस."

ती गेल्यावर खणातलं पाकीट उघडलं. मिल स्ट्रीट: दोन गाड्या, सकाळी साडेसहा, रात्रपाळी सुटायच्या वेळी, आणि पुन्हा चार वाजता. ड्रायव्हरांची नावं, फोन. कुणाला आजीला उचलून आणावं लागेल, कुणाकडे कुत्रा आहे. दहा पानं. प्रत्येक ओळ खरी. कोपऱ्यात टीप: "क्लॉडेटनं फोनवर बसावं. तिचं गावात सगळे ऐकतात."

माझी जीभ झडली असती तर बरं. पण ही बाई एवढं सगळं करणार आणि घरातली गोष्ट प्रॅटला विकणार, हे जुळत नाही. मग सांगितलं कुणी?

सोमवार, ३ ऑक्टोबर

पेटी आता पूर्ण प्रॅटकडे जायची, नोव्हेंबरसाठी. द्यायच्या आधी लावून ठेवावी म्हणून बसले. बर्च स्ट्रीटच्या कार्डांना जनीननं लावलेलं रबर तसंच होतं. नंबर सतरा. "मोरिन, जनीन." तिच्याखाली "मोरिन, नॉर्मंड", शाईची सरळ रेघ मारून खोडलेलं. पट्टी धरून मारलेली. पुढं बारीक गोल अक्षरात — "हल्ली तळ्याची वाट, १४". ते अक्षर गावात सगळे ओळखतात. एकतीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर तेच होतं.

मला आठवतही नाही. पिवळी पट्टी, कार्ड, पुढचं पाकीट. रेडिओ चालू होता.

कार्ड उलटलं. क्लॉ.बु., १९ जून. थे.को., २८ जुलै. आणि तिसरी नोंद, पेन्सिलीनं, ज.मो., ३१ ऑगस्ट.

लिनेटला काढलं ३ सप्टेंबरला.

मला फार लाज वाटतेय. जनीनकडे आज जाईन, आत्ताच. पण आधी लिनेटला पत्र लिहायला बसले होते, अर्ध्या तासापूर्वी. पाकिटावर नाव घातलं आणि थांबले. तिचा पत्ता माझ्याकडे नाही. चारशे बारा कार्डं आहेत, तिचं नाही.